दिसू नये असं काम

मी डोळे करते. काचेचे.
थुरिंगियाच्या डोंगरात, लाउशा नावाच्या गावात,
जिथं घरांच्या भिंतीसुद्धा पाटीच्या काळ्या दगडानं मढवलेल्या
आणि नोव्हेंबरात दुपारी चारलाच दिवे लागतात.

पांढऱ्या काचेची नळी ज्योतीवर धरायची, फुंकायची.
सुपारीहून थोडा मोठा फुगा येतो.
मग रंगीत काड्यांनी बुबुळ,
मग लाल धाग्यानं शिरा, केसाहून बारीक,
कारण निरोगी डोळाही थोडा जागलेला असतो.
समोर माणूस बसलेला. तासभर
मी त्याच्या उरलेल्या डोळ्यात बघते.
इतकं त्याच्या बायकोनंही कधी बघितलं नसेल.
दीड-दोन वर्षांनी तो परत येतो.
आसवांनी काच झिजते.

वडील म्हणायचे, चांगलं काम ते,
जे कुणाच्या ध्यानात येत नाही.
दारावर पाटी नव्हती. नुसती घंटी.
एकोणचाळीस वर्षं मी ते पाळलं.
बाजारात गिऱ्हाईक समोर आलं
तर मीच दुसरीकडे बघायचे.

मग ओटमार वाइगेल्ट गेले. टपालवाल्या झीग्लिंडे गेल्या.
वहीत नावांपुढे क्रॉस वाढत चालले.
एका तिमाहीत चौदा डोळे, फक्त.
बहिणीची मुलगी येट्टे म्हणाली,
"मावशी, लोकांना वाटतं तू मेलीस."
"बरंय," म्हटलं, "मेलेल्याला गॅसचं बिल येत नाही."
तिनं फोन उभा केला तीन पायांवर,
माझ्या ज्योतीसमोर,
बिनबोलावल्या पाहुण्यासारखा.

म्हणे, काही बोलू नकोस. नुसतं काम कर.
नुसतं काम!
कुणी बघत असलं की हात हात राहत नाहीत,
तिला काय ठाऊक.
पहिला फुगा फुटला. दुसऱ्याचं बुबुळ तिरकं.
तिसऱ्या वेळी फोनचा विसर पडला, म्हणून जमला.

एक्केचाळीस जणांनी पाहिलं.
त्यांतले सहा आमच्याच गल्लीतले,
आणि एक येट्टेच, दुसऱ्या नावानं.
कुणीतरी विचारलं, हे खाता येतं का?
मी लिहिलं: "माननीय महोदय, नाही.
आपली नम्र, गुडरुन हालबिग, नेत्रकार."
येट्टे हसत हसत खुर्चीवरून घसरली.
इथं सही करायची नसते गं.
मग बोललं कोण, ते कसं कळायचं?

तेराव्या दिवशी एका मुलीचा व्हिडिओ आला.
नऊ वर्षांची, किरूनाहून. मागे बर्फ, समोरचा दात पडलेला.
तिनं कॅमेऱ्यापुढे डावा डोळा काढला,
जिंकलेली गोटी दाखवावी तसा तळहातावर धरला
आणि म्हणाली, हा ठीक आहे, पण कंटाळवाणा आहे.
मला चांदणीचा करून देशील?

मी फोन पालथा घातला.
स्वयंपाकघरात जाऊन बटाटे सोलत बसले,
दोघींना लागतील त्याच्या तिप्पट.
इतकी वर्षं मी लोकांना काय दिलं,
डोळा, की काणाडोळा?
जो जो टेबलापलीकडे बसला, त्याला
न बोलता सांगितलं, लपव, मी मदत करते.
ते आभार मानत गेले. मनापासून मानत गेले,
तेही खोटं नव्हतं.

चांदणी सोपी नसते. पाच टोकं ज्योतीत पळतात,
वितळून नुसतं फूल होतं, किंवा खेकडा.
येट्टेनं सगळे फसलेले दाखवून टाकले.
लोकांना खेकडाच जास्त आवडला.
एप्रिलात ती पोर आईबरोबर आली, दोन दिवस रेल्वेनं.
नवा डोळा बसवल्यावर आधी आरशात नाही,
फोनमध्ये बघितलं.

आवडतं मला हे सगळं, असं नाही.
कुठल्या दुःखाला बदाम द्यायचा, अजून कळत नाही.
पण रात्री ज्योत विझवली की मी तो हातात घेते.
काचच तीही. आत उजेड,
पलीकडे कुणीतरी, उरलेल्या डोळ्यानं.
उत्तरं लिहिते, एकेकाला, सावकाश.
सही करतेच.