रिकाम्या बिछान्याचं भाडं

गोखले रोडवर, साड्यांच्या दुकानाच्या वर,
तुंगारेबाईंच्या ऑफिसात भिंतीवर जहाज आहे,
पांढरं, अकरा मजल्यांचं.
त्याचा खालचा कोपरा सुटलाय, पंख्याबरोबर हलतो.
बाई पाठकोऱ्या कागदावर चौकोन काढतात.
ही एक केबिन. ही दुसरी.
"किती जण?"
सात, मी म्हणते. मग मोजते.

मोजणं सोपं नसतं आमच्याकडे.
राजस येणार, पण बोनस झाला तर.
केतकीला बाल्कनी हवी,
नाहीतर ती कासारवडवलीच्या बाल्कनीतच बरी.
ईरा पंधरा वर्षांची, कुणाच्याच शेजारी झोपत नाही,
आणि अन्वय रोज विचारतो
बुडायच्या आधी भोंगा वाजतो की नंतर.
हेमूमामा येणार नाही, पण सल्ला देतो:
आतली केबिन घ्या, बिनखिडकीची.
समुद्र वर जाऊन बघायचा, त्याला पैसे पडत नाहीत.
त्यानं आयुष्यभर सगळं
असंच वर जाऊन बघितलंय.

आधार कार्डं मागितली. आईचं नाव
आधारवर अर्धं, पॅनवर पूर्ण,
आणि लग्नाआधीचं फक्त पितळेच्या डब्यावर,
इंदू ना. ताम्हाणे, टिंबाटिंबांनी कोरलेलं.

चौकोनांत आम्ही बसत गेलो.
चौघं इथं.
मी आणि हा तिथं.
आई उरली.

"एकटीला वेगळी केबिन मिळेल," बाई म्हणाल्या,
पेनाचं टोपण लावत, काढत,
"पण भाडं दोघांचं.
ते माणसं मोजत नाहीत, बिछाने मोजतात."

मी भांडले, माझ्या मानानं.
म्हटलं, बेचाळीस किलोची बाई आहे,
एक पोळी खाते, तीही पुरवून,
जुगाराच्या मजल्यावर पाऊल ठेवणार नाही,
तुमचं अर्धं जहाज तसंही वाया तिला.
बाई हसल्या. कोपरा हलला.

खारकर आळीत आई सोडे भिजत घालत होती.
म्हटलं, आमच्याच खोलीत तिसरी झोप,
छतातून एक बिछाना खाली येतो म्हणे.
"शिडीवर मी चढू
की जावयाला चढवू?"
मग दोघांच्या भाड्याचं सांगितलं.
हात पाण्यातच राहिले तिचे.
"म्हणजे ह्यांचं तिकीट काढावंच लागतंय तर,"
भाजीवाल्यानं कढीपत्ता घातला नाही, त्या सुरात.

"तीस वर्षं म्हणत होते, बोटीनं गोव्याला जाऊ.
मग बोटच बंद झाली.
मग तलावपाळीला नेलं मला,
पायांनी मारायच्या बोटीत बसवलं.
मधोमध गेलो नि ह्यांच्या पोटरीत गोळा!
लोक काठावर भेळ खात बघतायत.
मी एकटीनं आणली परत,
ह्यांच्यासकट.
तेव्हाही पैसे दोघांचेच घेतले होते."

दुसऱ्या दिवशी ती स्वतः आली, जिना दोनदा थांबत,
पिशवीत मोडलेल्या एफडीची पावती.
खुर्चीवर टेकली आणि आधी
जहाजाचा सुटलेला कोपरा अंगठ्यानं दाबून पाहिला.
राहिला नाही.

फॉर्मवर दुसऱ्या प्रवाशाचा रकाना होता.
तुंगारेबाईंनी त्यात आडवी रेघ मारली.
आईनं रेघेकडे बघितलं, चष्मा काढून, परत लावून.
"जेवण दोघांचं धरलंय ना?"
बाई गोंधळल्या, म्हणाल्या, तिथं हवं तितकं खाता येतं, काकू.
"तसं नाही. धरलंय ना?"
धरलंय.
"मग बरं.
आणि खिडकीकडचा बिछाना माझा लिहा.
ह्यांना रात्री तीनदा उठायची सवय,
दाराकडेच बरं."