सुटे

संकेश्वरच्या शाळेचा हॉल. चौथी फेरी.
भिंतीवर जोड्यांचा कागद, कानडीत.
माझं नाव मी चेहऱ्यावरून ओळखतो,
वाचून नाही. टेबल अकरा.

समोर ईरगौडा मुन्नोळी.
हा तर निपाणी-चिकोडी गाडीचा कंडक्टर,
सहा वर्षं माझ्या तिकिटामागं
पेनानं दोन रुपये लिहून देणारा.
त्यानं मला ओळखलं नाही. किंवा ओळखलं,
आणि घड्याळ दाबलं.

मारलेल्या सोंगट्या तो पटाशेजारी
चिल्लर लावावी तशा लावत गेला,
प्यादी प्याद्यांच्यात, घोडे घोड्यांच्यात.
खिडकीतून कारखान्याच्या मळीचा वास.
पलीकडं आठवीतली एक पोरगी
वकिलाला हरवून दशमी खात बसलेली.

साठाव्या चालीला माझ्याकडं
एक उंट, एक प्यादं. त्याच्याकडं नुसता राजा.
मनात मी पुरा गुण लिहून टाकला,
घरी फोनसुद्धा करून झाला.

मग दिसलं.

प्यादं अगदी कडेच्या पट्टीतलं,
त्याला पोचायचं ते घर पांढरं,
आणि उंट माझा, जन्मभर काळ्यातूनच चालणारा.
ईरगौडाचा राजा तोवर सावकाश
त्या कोपऱ्यात जाऊन बसला होता,
दाराशेजारच्या सीटवर
हा स्वतः बसतो तसा, एक पाय बाहेर.

उठवून बघितलं. दटावून बघितलं.
शह दिला की शेजारच्या घरात सरकायचा,
चाल झाली की परत जागेवर.
आणि प्यादं पुढं रेटलं तर कोंडी:
शह नाही, मात नाही,
हलायला जागा नाही, पण हरलाही नाही.
असली माणसं आमच्या भागात बरीच आहेत.

मी अठरा मिनिटं पटाकडं बघत राहिलो.
वखारीत तंबाखूची पोती मोजताना
एक पोतं कमी भरलं की बघतो तसा.

"साकु की ओ," तो म्हणाला.
घड्याळ मीच थांबवलं.
अर्धा त्याला, अर्धा मला.

सही करताना त्यानं माझा चालींचा कागद
उलटा केला, कानावरचं पेन काढलं,
मागं लिहिलं: ०-५०.
त्याभोवती गोल केला.
"उतरताना घ्या," म्हणाला,
आणि पाचव्या फेरीचा कागद लागेपर्यंत
एकदाही हसला नाही.