तिसरी अट

कारेलीबागेतल्या या घराच्या करारात
तिसरी अट : अंडं चालणार नाही.

म्हणून काळी पडलेली दोन केळी
काट्यानं कुस्करते, दूध ओतते,
वेलची, आणि साखरेऐवजी
एक अतिपिकला चिकू. बिया मोजून काढल्या, चार.
परवाचा ब्रेड बुडतो, जड होतो,
तव्यावर तूप चुरचुरतं.

सात वाजून दहा. व्हॅन वीसला.
शर्व एकाच पायात मोजा घालून उभा.

वास जिना उतरतो.
सरयूबेन वर येतात, दारातूनच :
‘ईंडां तो नथी ने?’

मी कडेचा तुकडा पुढे करते.
खातात. बोट चाटतात.
‘बीजो छे?’

शर्वच्या ताटलीत आज अडीचच टोस्ट.
करारात याबद्दल काही नाही.