बाहेरचा नळ

घर पाहावं बांधून, असं म्हणतात.
मी म्हणते, एकदा विकून पाहा.
एकवीस वर्षं थंडर बेमध्ये मी हेच करतेय:
लोकांना त्यांच्याच घरात
परक्यासारखं चालायला शिकवते.

दारातून आत या, नाक उघडं ठेवून.
कुत्र्याचा वास तुम्हाला येत नाही, गिऱ्हाइकाला येतो.
फ्रीजवरचे फोटो काढा.
भिंती ओटमीलच्या रंगाच्या करा.
भर दुपारीही सगळे दिवे लावा.
आणि हो, टॉयलेटचं झाकण.

वेइको लाहतिनेन ऐकत होता, टोपी गुडघ्यावर ठेवून.
धान्याच्या एलिव्हेटरवर चाळीस वर्षं काढलेला माणूस,
एका कानाने बहिरा.
मी नेमकी त्या कानाशी बसले होते,
हे मला तासाभराने कळलं.

तळघरात फर्नेसशेजारची भिंत
पेन्सिलीने भरलेली.
फिल्टर बदलला, ४ ऑक्टोबर ७९.
पन्हळी साफ केल्या, पानं फार.
छतावरचा बर्फ ओढला, तीनदा.
एप्रिल, संप पंप अडकला, औनेने काठीने सोडवला.
औनेचं नाव सहा ठिकाणी होतं.
शेवटचं एका तारखेपुढे, नुसतं:
औने नाही.
त्याच्या खालच्या ओळीत पुन्हा फिल्टर.

हे रंगवून टाका, मी म्हटलं.
त्याने ब्रश आणला, डबे आणले,
सगळं घर ओटमीलचं झालं.
ती भिंत तशीच.
रंग संपला, म्हणाला.
अर्धा डबा जिन्याखाली मला दिसत होता.

कॉरिन बोल्यू घर बघायला आली,
रात्रपाळीची नर्स, पायांत अजून हॉस्पिटलचे बूट.
अशा वेळी मालकाने बाहेर असावं, असा नियम.
वेइको बाहेरच होता,
म्हणजे खिडकीच्या बरोबर समोर,
नसलेली पानं गोळा करत.
तिने खिडकी सरकवली आणि सरळ विचारलं,
या घरात खोट काय आहे?
मी त्याला डोळ्यांनी नको नको म्हणत होते.

मागचं दार जूनमध्ये फुगतं,
शिव्या देऊ नका, वर उचलून ओढा.
वायव्येच्या वळचणीला फेब्रुवारीत बर्फाचा बांध धरतो,
कुऱ्हाड लावू नका,
जुन्या मोज्यात मीठ भरून आडवा ठेवा.
तिसरी पायरी बोलते. बोलू द्या.
आणि पहिल्या गोठत्या रात्रीआधी
बाहेरचा नळ आतून बंद, बाहेरून उघडा,
रबरी पाइप काढलेला.
पाइप राहिला तर पाणी अडतं,
आणि फुटतं ते भिंतीच्या पोटात.

इतकं सलग बोलताना मी त्याला प्रथमच ऐकलं.
मनातल्या मनात किंमत आठ हजारांनी उतरवली.
तिने मागितल्या किमतीला घेतलं.

तो सहाव्या मजल्यावर राहायला गेला.
तिथे पन्हळ नाही, पायरी नाही,
बर्फ पडतो तो दुसऱ्या कुणाचा तरी.

ऑक्टोबर संपता संपता, सकाळी फोन.
काल माझी सुट्टी होती, कॉरिन म्हणाली,
पण झोप कुठली येते.
दोन वाजता तुमचा तो म्हातारा
माझ्या अंगणात होता, दातांत बॅटरी धरून.
उणे सात होतं.

मी खुर्चीत ताठ झाले.
डोक्यात वकील, पोलीस, कमिशन.
काय करत होता?

पाइप काढला. पाणी झटकलं.
वेटोळं करून पायरीवर ठेवलं.
मी खिडकी उघडली तर दचकला नाही,
म्हणाला, आतला व्हॉल्व्ह तेवढा तुम्ही फिरवा,
आत यायचा हक्क आता मला नाही.

तक्रार करायचीय का, मी विचारलं.
पलीकडे ती जिना उतरत असावी.
एक पायरी बोलली.

तक्रार नाही हो.
एवढंच विचारायचं होतं,
एप्रिलमध्ये, पंपाच्या वेळी,
तो आपणहून येईल,
की मला बोलवावं लागेल?