पॅडलचं रबर

बेका म्हणतो, आत्या, आकडा बघ,
फक्त सत्तर हजार.
मी आकडा बघत नाही, खाली वाकते.
ब्रेकच्या पॅडलवरचं रबर
डाव्या कडेला झिजून लोखंडाला टेकलंय.
चाळीस वर्षं राचाच्या डोंगरात गुरं तपासली मी.
वय मालक सांगतो एक,
आणि दात सांगतात दुसरंच.

रुस्तावीचा बाजार म्हणजे डांबराचं माळरान.
हजारो गाड्या, सगळ्यांची तोंडं एकीकडे,
जणू तिकडून कुणी चारा घेऊन यायचंय.
अमेरिकेत कुठे आपटलेल्या, कुठे बुडालेल्या,
जहाजातून पोती बंदरात उतरलेल्या,
मग ठोकून, रंगवून, तोंड पुसून
इथे आणून उभ्या केलेल्या.

काही म्हणजे काही झालेलं नाही हिला,
विकणारा छातीवर क्रूस काढतो.
मी पट्टा पूर्ण बाहेर ओढते.
आतल्या टोकाला रेघ आहे गाळाची, सरळ,
कुठल्या नदीची कोण जाणे.
सीटखाली लहान मुलाचा एक मोजा,
त्यावर बदक.
तो होता तिथेच ठेवून देते.

माझी निवा फाटकाबाहेर उभी आहे.
सत्त्याऐंशी सालची, मोहरीच्या रंगाची.
बेकानेच लांब लावली,
ओळखीचं कुणी दिसेल म्हणून.

परत येते तर एक माणूस तिच्याभोवती फिरतोय.
मागे जाण्याआधी बॉनेटवर थाप देतो,
घोड्याला देतात तशी.
इमेदा, म्हणतो, तुशेतीचा. मेंढ्या आहेत.
विकायची का?

नाही म्हणायला तोंड उघडलं
आणि बाहेर पडले तिचे दोष.
दार आधी वर उचलायचं, मग ओढायचं.
चोक दोन बोटं, तिसरं नाही,
आणि थंडीत एक अख्खी प्रार्थना होईपर्यंत थांबायचं,
घाईघाईत म्हटलेली चालत नाही.
दुसरा गिअर थेट लागत नाही,
आधी तिसऱ्याला विचारावं लागतं.
पेट्रोलचा काटा खोटारडा. अर्धी म्हणाला की रिकामी.
हीटर बंद होत नाही, ऑगस्टातही.
सीटवरचं ते भोक ओतारच्या सिगारेटचं.
तो आता ओढत नाही.
मागे आयोडीनचा वास आहे, तो जायचा नाही.
अकरा वासरं नेली मागून,
आणि एक मूल तर तिथेच जन्मलं,
नाकेरालाच्या घाटात, बर्फात अडकलो तेव्हा.
ते आता कुताइसीत दंतवैद्य आहे.

इमेदा सगळं ऐकतो. घासाघीस करत नाही.
टोपी मागे सरकवतो, म्हणतो,
गाडी परवडेल हो मला.
पण तिच्यासाठी आधी तुम्हाला शिकावं लागेल,
आणि मेंढ्या परवा वर निघताहेत.

मी ती गाळाचीच घेतली शेवटी.
रेघ दाखवून चारशे डॉलर कमी केले,
मोज्याबद्दल बोलले नाही.

आता पुढे मी, मागे निवा घेऊन बेका.
तिचं काय करायचं, ठरलेलं नाही.
ही आवाजच करत नाही,
चालू आहे की नाही हे पायाला विचारावं लागतं.
डावा हात दोनदा चोक शोधून आला.
पाय मात्र झिजलेल्या कडेवर बरोबर बसतो.
तिकडेही कुणी असाच तिरका पाय टाकत असणार,
मुलाला शाळेतून आणताना, की पूर यायच्या आदल्या दिवशी.

पहिल्याच सिग्नलला मागे हॉर्नचा गलका.
आरशात बघते.
निवा आडवी थांबलीय,
बेका लालेलाल, दांडा हिसकतोय.
काच खाली करायचं बटण सापडेना,
म्हणून दार उघडून ओरडते,
अरे, तिसऱ्याला विचार!