तिसरा वर्ग

परळ, चौथा मजला. एसी कालपासून नुसताच घरघरतोय.
इस्माईलने रंगवून वाळवून ठेवलेल्या चार काचपट्ट्या,
पेन्सिलीने लिहिलेलं नाव: आंगचेकर, हर्षला.
वय एकेचाळीस. थायरॉइडचा उजवा लोब. गाठ पावणेदोन सेंटीमीटर.
फॉर्मवर व्यवसायाची ओळ कोरी.
या सर्जनच्या फॉर्मवर ती नेहमीच कोरी असते.

आधी मोजणी.
सहा पुंजके हवेत, प्रत्येकात दहा तरी पेशी,
नाहीतर पहिला वर्ग, नमुना अपुरा.
म्हणजे सुईने काही सांगितलं नाही,
फक्त टोचली.
इथे सात आहेत. सातवा काठाला, रक्तात अर्धा बुडालेला,
त्यालाही धरते.

कोलॉइड थोडंच, तडकलेल्या वॉर्निशसारखं.
भरपूर असतं तर दुसरा वर्ग लिहून
मी एव्हाना डबा उघडला असता.
आणि खरं सांगायचं तर
सहावा लिहितानाही हात थरथरत नाही.
तिथे पेशीच बोलतात, आपण नुसते लेखनिक.

पण या एका पुंजक्यात
तीन केंद्रकं जरा फुगलेली, फिकट,
आणि एकाला चीर,
गव्हाच्या दाण्याला असते तशी, उभी.
एकालाच? फोकस वर, फोकस खाली.
शेजारच्याला आहे ती चीर, की वाळताना पडलेली घडी?

खंबाटाबाई म्हणायच्या,
"डीकरा, संशय आला तर उठून पाणी पी,
पेशी कुठे पळून नाय जात."
पाणी पिते. खाली पालिकेच्या शाळेची मधली सुट्टी.
परत येऊन डोळा लावते.
पळाल्या नाहीत. चीरही नाही.

तर तिसरा.
'अनिश्चित अर्थाची विकृती.'
इंग्रजीत टाइप करताना हे किती सभ्य वाटतं,
मराठीत उच्चारा, लगेच कोणीतरी विचारतं, म्हणजे?

विचारायला ती स्वतःच आली, दुसऱ्या दिवशी चारला.
गळ्यावर सुईची खूण, आता हिरवट पडलेली.
लिफाफा आधीच फाडलेला.
"मॅडम, सहापैकी तीन ना? म्हणजे पास की नापास?"
तसं नाही मोजत, मी म्हणाले,
आणि कसं मोजतात ते सांगायला गेले
तर मलाच वाक्य सापडेना.
ती थांबली. मग म्हणाली,
"म्हणजे उसवायचं की असंच राहू द्यायचं,
ते अजून कळत नाहीये तुम्हाला."
हो.
"मग?"
तीन महिन्यांनी पुन्हा सुई.
हसली. "सुईचं मला काय!
दादरला फॉल-बिडिंग करते मी, वीस वर्षं.
दिवसाला बारा साड्या."
लिफाफ्याची घडी तिने नखाने दाबून सरळ केली
आणि जिना उतरून गेली.

आमच्याकडच्या प्रतीवर, त्या कोऱ्या ओळीत
मी पेन्सिलीने लिहिलं: फॉल-बिडिंग.
रिपोर्टात त्याला जागा नाही.
इस्माईलने पुढचा ट्रे ठेवला.
पुरुष, एकोणसाठ, डावा लोब.
पुंजके चारच. पुन्हा मोजते.