तीन इंच

आधी दोघांकडून भाव मागवले.
एकाने फोनवरच आकडा सांगितला.
दुसरा, हिरामण घरत, येऊन म्हणाला, बादलीभर पाणी द्या,
ते पायरीपाशी ओतून उकिडवा बसला.
पाणी वळलं, रेंगाळलं,
आणि सवयीने कुरुपबाईंच्या भिंतीला जाऊन टेकलं.
"कळलं," म्हणाला.

शनिवारी टेम्पोतून टिलर उतरला.
ऐरोलीच्या आमच्या गल्लीत
खिडक्या पटापट उघडल्या, तशाच मिटल्या.
पात्यांनी वर काढले फरशीचे तुकडे,
दगड झालेली सिमेंटची गोण,
माझी कधीची हरवलेली नळाची चावी,
आणि त्याखालून काळी, चिकट,
शिंपल्यांची माती.
त्याने टिलर बंद केला.
चिमूट बोटांत मळून पाहिली.
परत चालू केला.

मग लेव्हलची नळी.
एक टोक त्याच्याकडे, एक माझ्याकडे.
"हलू नका बाई."
मी श्वाससुद्धा आवरला.
पाणी डुचमळलं, मग थांबलं
त्याच्या छातीशी, माझ्या खांद्याशी,
एकाच रेषेत.

तेव्हा बोलला, नळीकडेच बघत,
"इथं खाचर होतं आमचं.
आजा फळी फिरवायचा,
पाणी जागचं हलू नये म्हणून.
तुम्हाला ते जायला पाहिजे."
आणि भिंतीवर खडूची रेघ मारली.

पावतीवर दोनच ओळी:
नांगरट, दीड तास.
उतार, वीस फुटांत तीन इंच.
चहा उभ्यानेच प्याला.

आल्यागेल्याला दिसत नाही तो उतार.
फक्त नातीचा चेंडू
अंगणात ठेवला की जरा विचार करतो
आणि निघतो
फाटकाकडे.